दोन सीटचं हंटर

बारामती, १७ नोव्हेंबर २०२४

अकबर,

आधी 'सप्रेम नमस्कार' लिहिलं आणि खोडलं. चौतीस वर्षं ज्याच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही, त्याला सप्रेम कुठल्या तोंडानं लिहायचं? म्हणून नुसतं अकबर. मी सर्जेराव भापकर, सार्जंट, हवाई दल, निवृत्त. तू मला 'सार्जंट सर्जेराव' म्हणून चिडवायचास, तेव्हा मी साधा कॉर्पोरलही झालो नव्हतो.

तुझ्या फरजानाचं पार्सल परवा मिळालं. माझा पत्ता तिला माजी सैनिकांच्या संघटनेतून मिळाला म्हणे. खोक्यात हंटर विमानाचं प्लास्टिकचं किट, आणि वर तिची चिठ्ठी: 'काका, शुगरमुळं अब्बांची नजर गेली. आता त्यांना हातानंच दिसतं. ते सारखं त्यांच्या विमानाचं बोलतात म्हणून मी हे मागवलं. अब्बांनी तुकड्यांवरनं बोटं फिरवली आणि म्हणाले, हे एकट्याचं हाय. आमचं दोघांचं व्हतं. सर्जाकडं धाड, त्याला कळंल.'

मला कळलं. बाजारात मिळतं ते एका वैमानिकाचं, लढाईचं हंटर. आपण पाच वर्षं ज्याच्या पोटात हात काळे केले ते शिकवणीचं, शेजारी शेजारी दोन सीट असलेलं. पंखांपासून मागं दोन्ही सारखीच. पुढं मात्र आपल्या विमानाचं तोंड रुंद, काच मोठी, आणि काचेमागं पाठीवर फुगवटा. म्हणजे या किटचा पुढचा भाग कापून टाकायचा आणि सगळा नवा घडवायचा. माझं वय चौसष्ट, उजव्या हाताचा अंगठा थंडीत आखडतो. तरी करतो म्हणून फरजानाला कळव. नाही तर कळवायचं काय, तीच वाचतेय हे.

फोन करून बघितला होता. तू 'हॅलो, कोन?' म्हणालास आणि मी ठेवला. कागद बरा. कागदावर माणसाला थांबता येतं.

आमच्या मंडळींनी, संजीवनीबाईंनी, खोकं बघितलं आणि म्हणाल्या, "नातवंडं खेळवायच्या वयात स्वतःच खेळायला लागला का?" नातवंडं पुण्याला आहेत, त्यांना मोबाइल आहे. मी खोकं कपाटावर ठेवलं. हल्ली वाद घालायचाही कंटाळा येतो.

सर्जेराव


बारामती, २२ डिसेंबर २०२४

अकबर,

पहिली करवत लावायला चार दिवस गेले. चांगलं विमान कापायचं म्हणजे जिवावर येतं. शेवटी हॅकसॉचं पातं घेतलं, पंखाच्या पुढं पेन्सिलीनं रेघ मारली आणि डोळे मिटून नाही, उघडे ठेवूनच कापलं. नाक वेगळं झालं तेव्हा उगाच वाईट वाटलं.

नवं नाक असं करतोय: प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळली की पाण्यात भिजवून पॉलिशपेपरनं घासायचं. मग खड्डे दिसतात. परत लांबी, परत घासणं. चार तोफांच्या भोकांपैकी दोन बुजवली, आपल्या विमानाला दोनच होत्या. काचेचं तर विचारू नकोस. लिंबाच्या लाकडाचा साचा कोरला. मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण गॅसवर धरून मऊ करायचं आणि साच्यावर दाबायचं. तीन झाकणं जळाली. झाकणासाठी पेढे आणावे लागतात, पेढे मी खातो. "ह्या विमानापायी तुमचीबी नजर जाईल," असं बाई म्हणाल्या. तुझ्याबद्दल ऐकून त्यांनाही वाईट वाटलंय, पण त्यांचं बोलणं असंच.

तू कळवलंस की उजव्या सीटखालचं झाकण उघडं ठेव, आत बोट घालून बघायचंय. हे वाचल्यापासून माझं कामात लक्ष नाही. अरे, या मापात त्या भोकात काडेपेटीतली काडी कशीबशी जाईल. बोट कुठून घालणार तू?

फरजाना, अब्बा असं का म्हणाले ते तुला ठाऊक नसेल. सांगतो. आमच्या हँगरमध्ये लाल फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असायची. हत्यार घेतलं की तिथं आपल्या नंबरचं पितळी टोकन लटकवायचं. काम संपलं की हत्यार जागेवर, टोकन खिशात. एक जरी आकृती रिकामी राहिली तरी विमान उडत नाही. आत राहिलेला साधा पानासुद्धा विमान वळवणाऱ्या दांड्यांत अडकून दोन माणसं मारू शकतो. सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत तुझे अब्बा उजव्या सीटखाली काम करत होते, आणि त्यांच्या टोकनवरचा एक बुटका स्क्रू ड्रायव्हर हरवला. तीन दिवस ते विमान सोलून काढलं. सापडला नाही. शेवटी सगळं तपासून विमान उडायला दिलं, पण अब्बांची कॉर्पोरलची पट्टी गेली. तीन वर्षांनी त्यांनी नोकरीच सोडली, पेन्शन लागायच्या आधी. अब्बांना वाटतं की तो अजून त्या झाकणाखालीच आहे.

मी तेव्हा रजेवर होतो.

इथं तीन ओळी खोडल्यात. फरजाना, उजेडात धरून वाचायला जाऊ नकोस, चांगल्या गिरवल्यात.

झाकण उघडं ठेवीन.

सर्जेराव


बारामती, १९ जानेवारी २०२५

अकबर,

पुतण्या संदेश इंदापूरला पेरूचे क्रेट घेऊन येणार होता, त्याच्याबरोबर नुसता सांगाडा पाठवला. रंग नाही, चाकं नाहीत, फक्त घासलेलं अंग. म्हटलं तुझ्या हाताखालून जाऊ दे, मग पुढं.

संदेश सांगत होता, तू तुझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात गल्ल्यामागं बसून ते अर्धा तास चाचपलंस. गिऱ्हाईक वह्या मागत होतं तर त्याला म्हणालास, "थांब जरा, आमी वर हाय." मला हसू आलं. फार दिवसांनी आलं.

मग तुझा निकाल: "पाठीचा फुगवटा पुढं सरकलाय. सर्जाला सांग, काचंमागं लगेच चढत न्हाय ते, थोडं सपाट जातं."

मला राग आला. महिनाभर भिंगातून बघून बघून घासलेला तो फुगवटा! जुना फोटो काढला, पट्टी लावली, मोजलं. दोन मिलिमीटर पुढं आहे. खऱ्या विमानावर चार-पाच बोटं. मला भिंगातून दिसलं नाही ते तुला अडतीस वर्षांनी आंधळ्या बोटांनी सांगितलं. फुगवटा सगळा तासून काढलाय. परत लांबी, परत घासणं. चूक माझी, कबूल.

पण फरजानाच्या चिठ्ठीत शेवटची एक ओळ होती. 'अब्बा म्हणतात, त्याला मोजून घ्यायला सांग, माझ्या हाताचा काय भरवसा.'

असं का म्हणालास? तुझ्या हाताचा भरवसा नाही तर मग जगात कुणाच्या हाताचा आहे? फ्लाइट सार्जंट सुद्धा शेवटचा स्क्रू तुझ्याकडून आवळून घ्यायचा. विसरलास काय?

आज एवढंच. अंगठा दुखतोय.

सर्जेराव


बारामती, २ फेब्रुवारी २०२५

चि. फरजाना,

हे पत्र तुझ्यासाठी आहे, अब्बांना वाचून दाखवू नकोस.

मी विचारलं म्हणून तू जे लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं. घरातला पंखा बंद पडला तरी अब्बा वायरमनला बोलावतात. शेजारी हसायचे, 'विमानवाल्याला पंखा उघडता येत न्हाय.' तुझ्या सायकलची चेन पडली की म्हणायचे, 'कुशाबाईच्या पोराकडनं बसवून घे, माझा हात लागला तर आनिक काईतरी व्हईल.' तू लहान होतीस, तुला वाटायचं अब्बा आळशी आहेत. आणि तू लिहितेस की पट्टी गेल्यावरसुद्धा ते विमान उडालं की अब्बा धावपट्टीच्या कडेला उन्हात उभे राहायचे, ते खाली उतरेपर्यंत. तुझ्या अम्मीनं तुला सांगितलं हे. मला ठाऊक नव्हतं. मी त्याच हँगरमध्ये होतो आणि मला ठाऊक नव्हतं, कारण मी त्यांच्याकडं बघतच नव्हतो.

माझ्याकडं एक गोष्ट आहे जी तुझ्या अब्बांना सांगायला हवी. ती ऐकली की त्यांचा हात त्यांना परत मिळेल, आणि मी त्यांच्या मनातून उतरेन. जे काय चौतीस वर्षांनी पुन्हा सुरू झालंय ते संपेल. खरं सांगतो पोरी, या चार पत्रांत मला जेवढं बरं वाटलंय तेवढं निवृत्तीनंतर कधी वाटलं नाही. म्हणून विचारतो. तुला एकटीला सांगू का? तू सवडीनं, त्यांची तब्येत बघून, तुझ्या शब्दांत सांगशील?

सर्जेराव काका


बारामती, २३ मार्च २०२५

अकबर,

मी फरजानाला एक भित्रं पत्र लिहिलं होतं. तिचं उत्तर दोन ओळींचं: 'काका, जे लिहायचं ते अब्बांना लिहा. मी नुसती वाचणार.' मास्तरीण शोभते. ते उत्तर येऊन सहा आठवडे झाले. एवढे दिवस मी विमान रंगवत होतो, म्हणजे टाळत होतो. आंधळ्या माणसासाठी रंगाचे तीन हात दिले, यावरून काय ते समज.

विमान या पत्राबरोबर येतंय. फुगवटा आता मागं आहे. उजव्या सीटखालचं झाकण उघडं आहे.

फरजाना, इथून पुढं सलग वाच. अब्बा थांब म्हणाले तरी मनमाडपर्यंत वाच.

अकबर, त्या दिवशी अकरा वाजता माझी लग्नाची रजा सुरू होत होती. माझ्या ट्रंकेची कडी ढिली झाली होती. तू उजव्या सीटखाली डोकं घालून आडवा होतास, नुसते पाय दिसत होते. मी तुझ्या ट्रेमधला बुटका स्क्रू ड्रायव्हर उचलला. तुला हाक मारली नाही. दोन मिनिटांचं काम, लगेच आणून ठेवू म्हटलं. कडी आवळली, तेवढ्यात स्टेशनला जाणारा ट्रक हॉर्न मारायला लागला, पोरं हाका मारायला लागली. मी ड्रायव्हर पँटच्या खिशात टाकला आणि ट्रंक घेऊन पळालो. नंतर आठवणच राहिली नाही. हे अगदी खरं आहे. डोक्यात लग्न होतं.

दुसऱ्या दिवशी मनमाडला गाडी बदलताना तिकिटासाठी खिशात हात घातला आणि तो हाताला लागला. मला तिथल्या तिथं कळलं की तुझं टोकन फळ्यावर लटकतंय आणि लोक विमान सोलतायत. तार ऑफिसची खिडकी समोर होती. तिथं रांग नव्हती. हे मुद्दाम लिहितो, कारण रांग होती, गाडी सुटत होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. रांग नव्हती आणि गाडीला पाऊण तास होता. तार केली असती तर माझी रजा रद्द, वर चार्ज, आणि लग्न पुढं ढकललं असतं. मी एक चहा घेतला आणि दौंडच्या गाडीत बसलो. लग्नाच्या आदल्या दिवशी तो स्क्रू ड्रायव्हर नीरेच्या कालव्यात टाकला.

वीस दिवसांनी परत आलो तेव्हा तुझ्या बाहीवर पट्टीच्या जागी नुसती टाक्यांची भोकं होती. तू म्हणालास, "सर्जा, माझ्याच हातनं पडला आसंल कुठंतरी. आठवतच न्हाय रं." आणि मी म्हणालो, "व्हतं आसं कधी कधी." अकबर, स्क्रू ड्रायव्हर नेला ती चूक होती. तार केली नाही तो भित्रेपणा होता. पण 'व्हतं आसं कधी कधी' याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तू गेल्यावर चार पत्रं लिहिलीस. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं की मी ते उघडतच नव्हतो. फरजानाच्या लग्नाची पत्रिका जुन्या युनिटवरनं फिरून आली, मी आलो नाही. तुला वाटलं असेल, हलगर्जी माणूस म्हणून सर्जानं तोडलं. तसं नव्हतं. तुझ्या तोंडाकडं बघायची माझी छाती नव्हती.

त्या विमानात काही नव्हतं. तू उन्हात उभा राहायचास तेव्हा ते दोघं वैमानिक इतर कुणाइतकेच सुखरूप होते. तुझ्या हातून काहीही पडलं नाही, ना त्या दिवशी, ना कधी. माझ्या समजुतीत तरी तुझ्यासारखा हात त्या हँगरमध्ये दुसऱ्या कुणाचा नव्हता. मी तुझा हात तुझ्या मनातून मोडला, आणि पंखे दुरुस्त करायला तू दुसऱ्यांना पैसे देत राहिलास.

माफी मागतो. मिळावी असं काही नाही. मागायची तेवढी राहिली होती.

सर्जेराव


बारामती, २० एप्रिल २०२५

अकबर,

फरजानाचा काल फोन आला. तुला हे पत्र वाचून दाखवायला तिची हरकत नाही म्हणाली, म्हणून लिहितो. शेवटचंच समज.

तिनं सांगितलं, सगळं पत्र तू शेवटपर्यंत ऐकलंस. मग मनमाडचा भाग पुन्हा वाचायला लावलास. रांगेची ओळ तिसऱ्यांदा. मग पाणी मागितलंस आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाहीस. जेवलास मात्र, असं ती म्हणाली. हे तिनं मला का सांगितलं कुणास ठाऊक, पण बरं केलं.

इथलंही सांगतो. मी संजीवनीलाही सांगितलं. तुला लिहायचं आणि घरात झाकून ठेवायचं, हे जमेना. ती पीठ मळत होती. हात धुतले, समोर बसली, आणि म्हणाली, "म्हंजी माझ्या संसाराच्या पयल्या दिवसापास्नं हे घरात व्हतं. आन् मी त्याच घरात सण केलं." दुसऱ्या दिवशी वरकुट्याला बहिणीकडं गेली. आठ दिवस झाले. परवा फोनवर एवढंच म्हणाली की फ्रिजमधलं दही संपवा. म्हणजे येईल बहुतेक. मी वरण-भात करतो, खातो, भांडी घासतो. कुणी रागावलेलं असलं की घर फार मोठं वाटतं.

मग फरजानानं तुझं तिसऱ्या दिवशीचं सांगितलं. ती शाळेतून आली तर तू पुढच्या खोलीत फरशीवर, समोर कूलर उघडा, पंप बाहेर काढलेला. परातीत स्क्रू. तिची घाबरगुंडी उडाली, वायर असते त्यात. तू म्हणालास, "प्लग काढलाय. मला काय येडा समजतीस?" मग स्क्रू एकेक करून बोटांनी मोजलेस, अकरा. अकरा परत बसवलेस. कूलर चालू झाला. आवाज करतो म्हणे, पण चालतो. आणि तू तिथंच भिंतीला टेकून गारव्यात झोपलास, तोंड उघडं टाकून, पोरासारखा. हे सांगताना ती रडत होती. मला रडू आलं नाही. मला एवढं दमल्यासारखं झालं, जणू अडतीस वर्षांचं ओझं आत्ता कुठं उतरलं, आणि उतरल्यावर कळलं की पाठ कायमची वाकलीय.

मग मी तिला विचारलं, मी येऊ का इंदापूरला? तासाभराचा तर रस्ता आहे. तिनं तुला तिथल्या तिथं विचारलं. मला फोनवरून तुझा आवाज ऐकू आला, तिनं परत सांगायची गरज नव्हती.

"त्याला म्हणावं, माझ्या मातीला यी. त्याच्या आधी न्हाय."

बरोबर आहे तुझं. मी तुझ्या जागी असतो तर एवढंसुद्धा म्हणालो नसतो.

येईन, अकबर. मूठभर माती टाकायला येईन, कितीही म्हातारा झालो तरी, कुणाचा हात धरून का होईना. रोज सकाळी मैदानाला दोन फेऱ्या मारायला लागलोय, पाय चालते राहावेत म्हणून. तू मात्र घाई करू नकोस. मी वाट बघायला तयार आहे.

सर्जेराव